सेलूचा स

निर्मला खंदारे, वय बावन्न,
एसटी स्टँड परभणी, चौकशी खिडकी.
वरचा डावा सुळा नाही, त्याच्या शेजारचाही नाही.
डॉ. आष्टीकरांच्या चिठ्ठीवर एवढंच.
खाली पेन्सिलीनं : तार दिसू नये.

आधीची पोलादी कडी मीच केली होती.
पाव मिलिमीटर खळग्यात शिरली
की मुंगळ्यासारखी सोडत नसे.
पण खिडकीपाशी एक पोरगं म्हणालं,
मावशी, तोंडात टाचणी धरलीय का?

"दिसायला नको," म्हणाल्या, "अन् निघायला बी नको.
दोन्ही जमायलंय का बगा."

दोन्ही.

कंपनीचा माणूस सांगून गेला होता, पीक वापरा, सर, पीक.
मी म्हटलं, परभणीत ह्या शब्दासाठी आधी आभाळाला विचारतात.
तो हसला नाही. नवा होता.
पीक परवडेना. दुसरं घेतलं, दाताच्याच रंगाचं,
पाकिटावर जर्मनी लिहिलेलं.
"जगात जर्मनी," मुजीब म्हणाला, आणि भट्टी लावली.

प्लास्टिकची कडी वाकते, म्हणून कमी धरते.
मग जाड करा, खळगा दुप्पट खोल शोधा,
अर्धा मिलिमीटर,
लग्नपत्रिकेची जाडी.
जाड झाली की गालाला लागते, भाकरीचा कण अडकतो.
बारीक ठेवली तर दिवाळीपर्यंत सैल.
आणि फार आवळली, तर ज्या दाताला धरलंय
तोच हलायला लागतो, बिचारा शेजारी.
मधे कुठंतरी.
त्या कुठंतरीत माझ्या तीन संध्याकाळी गेल्या,
साच्यावर शिसं टेकवून
दाताच्या पोटावरून रेघ फिरवत.
रेघेच्या वर कडी नुसती बसते.
खाली उतरली तर धरते.

बसवली तेव्हा आरसा घेतला नाही बाईंनी.
म्हणाल्या, "सेलू. सोनपेठ. सेनगाव.
सेलूकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर..."
कंपाउंडर दारात थांबला.

मी सांगितलं, रोज दोनदा काढाल, दोनदा घालाल,
वर्षाला सातशेतीस वेळा.
दर वेळी कडी थोडंसं विसरते
आधी किती मिटलेली होती ते.
गरम पाण्यात ठेवू नका.
"मे महिन्यात नळालाच गरम येतंय की,"
त्या म्हणाल्या.
ह्याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं.

सव्वा वर्ष झालं.
शुक्रवारी स्टँडच्या टपरीवर चहा घेत होतो.
भोंग्यातून जिंतूर नीट आलं, गंगाखेड नीट,
मग सेलू,
आणि स च्या मागं बारीक वारा,
दाराच्या फटीतून येतो तसा.
कुणी वर बघितलं नाही.
माणसं पिशव्या उचलून सहाकडं निघाली.

त्यांचा साचा अजून फळीवर आहे,
धूळ झटकून खाली काढला.
आल्या नाहीत अजून. मी निरोपही दिला नाही.
काय सांगणार, तुमचा स ऐकला म्हणून?

परवा पुन्हा गेलो.
सेलूची गाडी लागेपर्यंत थांबलो.
मला कुठंच जायचं नव्हतं.