हवा टिकली तर

बुधवारच्या जुन्या बाजारात
तो नऊशेवर अडून बसला होता.
मी पाठ फिरवली तेव्हा सातशे,
दहा पावलं गेल्यावर साडेसहाशे.
अकराव्या पावलाला काय झालं असतं
हे आता कधीच कळायचं नाही.

मालधक्क्यापासून अरण्येश्वरपर्यंत दीड तास
तिला हाताला धरून चालवत आणली.
स्वारगेटला एक रिक्षावाला म्हणाला,
"मावशी, बसा की तिच्यावर."
बसणार कशी? मागच्या चाकात हवा नाही,
पुढच्या रिमला आउट,
आणि सीटच्या जागी फोमचा गोळा, त्यावर साखरेची पिशवी बांधलेली.

पद्माकरांनी चष्मा कपाळावर नेला.
"भंगारवाला चारशे देईल. म्हणजे तोटा अडीचशेच."
छत्तीस वर्षं बँकेत काढली त्यांनी.
सांत्वनसुद्धा वजाबाकी करून देतात.
मग थोड्या वेळाने, आतल्या खोलीतून:
"दांड्याची आहे. साडीत पाय कसा टाकणार?"
हे मला घेताना सुचलं नव्हतं.

इलाहीभाई बागवानांचं दुकान म्हणजे
एक पत्रा, एक पंप आणि पाण्याचं घमेलं.
त्यांनी मला काही विचारलं नाही.
पाना घेतला आणि फ्रेमवर वाजवत गेले.
टण्. टण्.
पायडलच्या वर, सांध्यापाशी: ठप्.
"इथं गॅसचं वेल्डिंग आहे. जुनं.
पण करणाऱ्यानं घाई केलेली नाही."
आणि अंगठा तिथेच ठेवून जरा थांबले.

मग कॅलेंडरच्या पाठीवर यादी.
टायर ट्यूब दोन्ही, चेन, फ्रीव्हील, कप, छर्रे,
ब्रेकची रबरं, सीट,
सात आरे (एक तर तांब्याच्या तारेने बांधलेला).
दोन हजार नऊशे, रंग सोडून.
"रंग नको."
"अजून काय नको ते सांगा, मग बाकीचं सांगतो."

काय नको?
गुडघा नको म्हणतोय.
सातारा रस्त्यावर सायकलींसाठी पट्टा आखलाय,
त्यावर भेळेच्या गाड्या नको म्हणतायत.
आणखी तीन हजार घातले तर नवी मिळते,
गिअरची, बिनदांड्याची, मुलगा कधीचा सांगतोय.

पण मंचरला, तासाला पंचवीस पैसे देऊन
मी सायकल शिकले ती नळीखालून पाय घालून, तिरकी,
एक कूल्हा हवेत, खाली पाय मारत.
सीट माझ्या खांद्याला लागायची.
आणि पाय पोचायला लागले त्याच उन्हाळ्यात
आई म्हणाली, पुरे आता.
सीटवर मी कधी बसलेच नाही.

हे इलाहीभाईंना कशाला सांगायचं?
नुसतं म्हटलं, विचार करते.

"आज ठरवूच नका," ते म्हणाले.
"दोन्हीत हवा भरतो. रात्रभर राहिली तर बोलू."

रात्री अडीचला मी पार्किंगमध्ये उतरले, गाऊनवर शाल घेऊन.
वॉचमन गणपत झोपेतून म्हणाला, "काय हरवलं काय काकू?"
पुढचं चाक दाबलं: घट्ट.
मागचं दाबलं आणि अंगठा आत गेला,
पण रिमपर्यंत नाही.
वरच्या नळीवर हात फिरवला तर दोन ठिकाणी रंग घासून गेलेला,
लहान मुलाची सीट अडकवतात ना, तेवढ्या अंतरावर.
कोण होतं ते पोर. आता त्याला टक्कल पडलं असेल.

सकाळी मागचं चाक जमिनीला चिकटलं होतं.
इलाहीभाईंनी पाहिलं, घमेल्यातलं पाणी बदललं.
"एक टिकली की," म्हणाले.

मी हो म्हटलं नाही.
नाही म्हणायलाही काही हरकत नव्हती.
विचारलं एवढंच,
सीट अगदी खाली घेतली
तर पाय टेकतील का?