जागल्या

सेलूच्या मोंढ्यात एकतीस वर्षं
मुंजाजी खंदारे नावाचा माणूस
रात्रीवर डोळा ठेवायचा.
हातात वेळूची काठी, गळ्यात पितळी शिट्टी.
अंधारात पोत्यांच्या वासावरून सांगायचा
ही टाळकी, ही हायब्रीड, ही भिजलेली सरकी.
चोर तर नुसत्या पावलांवरून.

तो माझा बाप.
आता मला ‘शिस्टर’ म्हणतो.
‘शिस्टर, मही लेकबी नर्स हाय,
वालूरच्या दवाखान्यात. वळखता का तिला?’
वळखते, म्हणते मी, आणि गोळी देते.

नांदेडच्या डॉक्टरांनी
चिठ्ठीच्या पाठीमागं मेंदू काढला,
पेरूच्या फोडीसारखा,
आणि त्यात बारीक बारीक ठिपके.
म्हणाले, हे तिथले राखणदार.
पडलेलं उचलतात, साचलेलं खातात,
हातपाय पसरून गल्लीबोळ चाचपत असतात.
त्यांना झोप लागली की कचरा साचतो.
आणि अर्धवट जागे झाले
तर घरच्यांनाच मारतात.

हे मला नवीन नव्हतं.
एका साली, पोळ्याच्या आदल्या रात्री,
थप्पीमागं झोपलेल्या खाजा हमालाचा
खांदा फोडला होता बापानं.
चोर समजून.
मग महिनाभर त्याच्या घरी स्वतः दूध पोचवलं
आणि म्हणायचा,
काठीची चूक न्हाई,
कंदील कमी पडला.

मग डॉक्टर कंदिलाचंच बोलू लागले.
बाहेर औषध निघालंय, शिरेतून देतात.
साचलेल्या चिकट गाठींवर ते खूण करतं,
पोत्यावर खडूची फुली मारावी तशी.
मग राखणदाराला कळतं, काय उचलायचं.
गुण? थोडा. उतार जरा सावकाश होतो.
कुणाकुणाच्या मेंदूला सूज येते, रक्तही झिरपतं.
किंमत त्यांनी सांगितली नाही,
मीही विचारली नाही.
‘आणि ताई, हे सुरुवातीला द्यायचं असतं.’

सुरुवात.
ती कधी होती?
कुलपाची किल्ली मिठाच्या बरणीत सापडली तेव्हा?
की त्याच्याही आधी,
आईच्या तेराव्याला तो आईलाच हाक मारून
पाणी मागत होता
आणि आम्हाला ते दुःख वाटलं, तेव्हा?

अठ्ठावीस वर्षं मी लसी टोचते.
खांद्याला शीतपेटी, कुपट्याची वाट.
शरीराला चेहरे दाखवायचे, एवढंच माझं काम.
हा गोवर. हा घटसर्प. नीट बघून ठेव,
पुन्हा दारात आला तर विसरू नको.
बाळं रडतात,
आणि त्यांचं रक्त लक्षात ठेवतं
वर्षानुवर्षं, पाढे न म्हणता.
संध्याकाळी घरी येते तेव्हा
पेटी रिकामी असते.

रात्री तीनला तो उठतो.
कड्या तपासतो, फ्रीजला कान लावतो.
शिट्टी आम्ही लपवली, तर तोंडानंच वाजवतो.
शेजारच्या मंगनाळेबाई कुरकुरतात.
मी आता अडवत नाही.
मागून चालते,
टॉर्च त्याच्या पावलांपुढं धरून.

परवा लाईट गेली होती.
दंड दुखत होता म्हणून बाही वर सारून
पेटीतली बर्फाची वडी लावत बसले होते.
तो जवळ आला, वाकला.
देवी काढल्याची ती गोल खूण
अंगठ्यानं दाबून बघितली,
ओल बघतात पोत्याची, तशी.
‘बाहत्तर सालची,’ म्हणाला.
‘दुष्काळातली. लई रडली व्हती.
मीच धरली व्हती.’

माझ्या हातातली वडी वितळत राहिली.

‘कुणाची पोरगी तुमी, शिस्टर?’

मुंजाजी खंदाऱ्याची, म्हणाले.

तो हसला, काठी शोधू लागला.
‘मंग निजा बिनघोर.
त्यो जागा असतो.’