उन्हाची पेटी

सोलापुरात ऊन गोळा करतोय म्हटल्यावर
चहावाला शरणप्पा कप विसळता विसळता थांबला.
"काय बे, मग धूळ बी पोत्यात भरून ठेव की!"

पण डिसेंबरात सकाळी साडेसहाला
आमच्या रंगखान्यात या.
फरशी ओली, भिंत ओली,
काल पिळून टांगलेल्या सुताच्या लडी
आजही मनगटावर ठिबकतात.
सासऱ्यांची बोटं चाळीस वर्षं रंगात बुडालेली,
नखांच्या मुळाशी कायमचा जांभळा.
गाठ सोडायच्या आधी
बोटांवर फुंकर मारतात, दोनदा, तीनदा.

म्हणून परमिट रूमच्या मागून
दोनशे दहा डबे आणले.
तळाला भोकं पाडली, एकावर एक चिकटवले,
काळ्या रंगानं माखले.
बायको म्हणाली, "घरभर बिअरचा वास,
आणि तू प्यायलेला पण नाहीस."
काच भंगारात मिळाली, बंद गिरणीच्या खिडकीची.
कोपऱ्यात कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं:
दुसरी पाळी.
तो कोपरा मी वर ठेवला.

पेटी दक्षिणेच्या भिंतीला टेकवली.
खालच्या भोकातून गार हवा आत,
वरच्यातून गरम हवा खोलीत.
पहिल्या दिवशी दहा वाजता हात धरला,
तर झोपलेल्या माणसाच्या नाकासमोर धरल्यासारखं.

रात्री सगळं उलटं.
पेटीनं खोलीतली ऊब परत ओढली
आणि आभाळाला देऊन टाकली.
सकाळी लडी कालच्यापेक्षा ओल्या.
सासरे काही बोलले नाहीत.
ते न बोलणं मला आठवडाभर पुरलं.

मग पोरीच्या वहीचं प्लास्टिकचं कव्हर कापून
वरच्या तोंडाला झडप लावली.
हवा आली की उचलते,
परत निघाली की मिटते.
लेबल निघालं नाही, राहू दिलं.
दिवसभर हलत असतं:
कु. सहस्रा येमूल, चौथी ब.

काल अकराच्या सुमारास सासरे आत आले.
लडी बाजूला सारून
दोन्ही हात झडपेसमोर धरले.
"एंडा," म्हणाले, तेलुगूत, स्वतःशीच.
बराच वेळ तसेच उभे.
मग वळून एक लड घेतली.
गाठ पहिल्याच ओढीला सुटली.

"कुणी बांधलीय रे ही," ओरडले,
"एवढी सैल?"