मुळाची सही

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीतला तो संगणक
खाऱ्या वाऱ्यानं आतून खंगलेला,
यूएसबीच्या भोकांत गंजाची पूड,
आणि डिझेल परताव्याची एकोणचाळीस बिलं
आज रात्री बाराच्या आत जायची.
पडद्यावर एकच वाक्य:
या जागेवर विश्वास ठेवता येत नाही.

सेक्रेटरी नफिसाबाई होडेकर म्हणाल्या,
कालपर्यंत सरकारी होती, आज चोर कशी झाली?

मी दापोलीहून आलेलो.
आल्याआल्या वरचं बटण बंद केलं,
ब्रशनं गंज झाडला, पुन्हा चालू केलं.
वाक्य तिथंच.
मग साखळी उघडून दाखवली त्यांना:
ही जागा खरी, असं हा सांगतो,
हा खरा, असं त्याच्या वरचा सांगतो,
आणि सगळ्यांत वरचा, मूळ,
तो कालच बदललाय,
तो या यंत्राच्या ओळखीचा नाही.
म्हणजे वाडीत कुणी परका आला की विचारतात ना,
कुणाकडचा तू?
आणि उत्तर आलं नाही की तो ओटीवरच उभा.

नवं मूळ उतरवून घ्यायचं ते त्याच जागेवरून,
जिच्यावर विश्वास नाही.
तर पलीकडच्या काठाला, तरवाला अलीकडे.
माझ्या पेनड्राइव्हवर होतं एक,
पण माझ्या खिशातून निघालं म्हणून खरं कसं?

शेवटी अंगठा जुळवायचा ठरला.
त्यालाही अंगठा असतो, चाळीस अक्षरांचा.
रत्नागिरीच्या कचेरीतला माणूस फोनवरून वाचू लागला,
नफिसाबाई मोठ्यानं म्हणू लागल्या,
मी बर्फाच्या पावतीच्या पाठीवर टिकल्या मारत गेलो,
एफ, तीन, सी, शून्य, शून्य, नऊ...
बाकावर भिकीबाय पावसे बसलेली,
नुकताच फॉर्मवर उठवलेला अंगठा
अजून निळा.
म्हणाली, त्याला पण सही येत नाय?
नाय, म्हटलं.
एवढा मोठा असून?
आणि तिनं समाधानानं बोट पदराला पुसलं.

जुळला.
घाईत मी तो भलत्याच कप्प्यात टाकला, पर्सनलमध्ये.
वाक्य तिथंच.
काढला, मुळांच्या कप्प्यात ठेवला.
यंत्रानं विचारलं, याच्यावर विश्वास ठेवायचा का? हो, नाही.
सहसा मी न वाचता हो दाबतो. या वेळी वाचलं.
हो.
वाक्य तिथंच.

दुसरा चहा आला. यूपीएस उगाच दोनदा केकाटला.
खाली पुळणीवर लिलावाची बोली चढत होती
आणि मी एकोणचाळीस बिलांकडे बघत नव्हतो.
मग नजर गेली पडद्याच्या कोपऱ्यात:
एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतला सेल मेलेला.
वरचं बटण मी बंद केलं, तेव्हाच घड्याळ मागं पडलं;
यंत्राच्या लेखी ते मूळ
अजून जन्मालाच यायचं होतं.
दोन तास मी दुसऱ्याच्या खरेपणात खोट शोधत होतो.

दारात हरेश्वर तांडेल उभा होता, ओल्या पायांनी.
आजची तारीख काय? मी सहज विचारलं.
त्यानं खिडकीतून पाण्याकडे बघितलं.
आज अष्टमी. भांगाचं पाणी.
सहाला भरेल, पाऊण तास हाय.
मोबाईलमध्ये पाहिलं: पाच तेरा.
मी पाच चौदा टाकलं.

कुलूप आलं, इवलंसं, पत्त्याच्या आधी.
नफिसाबाईंनी टोकन खोचलं
आणि पहिलं बिल गेलं.

नवा सेल मंगळवारी आणतो, तोवर बटणाला हात नको, म्हटलं.
त्यांनी चिकटपट्टीवर तसं लिहून लावलंही,
माझ्यासमोरच, मोठ्या अक्षरात.

भिकीबाय पायरीवरून वळली.
आन् त्या मुळाची सही कोन करतो?
तोच. स्वतःची स्वतः.
ती थांबली, हरेश्वरकडे बघितलं,
मग चोगल्यांतला दिसतो, म्हणाली,
आणि हसत खाली लिलावाकडे गेली.