होटगीच्या अलीकडे

वाडी पॅसेंजर सिग्नलला उभी आहे,
अर्धा तास होऊन गेला.
बाहेर बाभळी, तारेला अडकलेली निळी पिशवी,
आणि एप्रिल.
मागे सोलापूर अजून संपलेलं नाही,
बंद गिरणीची चिमणी दिसते आहे,
धूर नसलेली.
माझ्या मांडीवर पिशवी,
पिशवीत दयावतीचा रिपोर्ट.
ती दुधनीला बहिणीकडे वाट बघते आहे
आणि मला वाक्य सापडत नाही.

प्रभू, याच गाडीत
एकवीस वर्षांचा होतो तेव्हा
केवढी वाक्यं होती माझ्याकडे!
दर शनिवारी पत्रकांचे गठ्ठे घेऊन चढायचो
मी आणि इलियाजर भंडारे.
तो पेटी वाजवायचा, मी बोलायचो
चाकांच्या वर आवाज काढून.
तुझ्या प्रेमाबद्दल बोलायचो, पण खरं सांगू,
नरकाबद्दल जास्त.
तिथे माझी भाषा जास्त खुलायची.

टिकेकरवाडीला एकदा एका म्हाताऱ्याने
माझ्या पत्रकाचा द्रोण केला
आणि त्यात शेंगदाणे ओतले.
मी तो हिसकावला.
दाणे डब्यात सगळीकडे.
तो वाकला, एकेक उचलत राहिला,
फुंकर मारायचा, तोंडात टाकायचा.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.
आणि मी हे रविवारी मंडळीपुढे
साक्ष म्हणून सांगितलं.
लोकांनी माना डोलावल्या.
तू तेव्हा कुठल्या बाकावर होतास,
हे मला फार उशिरा कळलं.

मग पतपेढीतली नोकरी,
मग पतपेढीच बुडाली,
मग पेटीचा भाता फाटला, इलियाजर गेला,
आणि माझी प्रार्थना खातेवहीसारखी झाली:
इतकं जमा, इतकं येणं.
सही तुझी बाकी.

समोरच्या बाकावर राजव्वा.
नाव तिनेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.
अंगाला तंबाखूचा वास,
आणि बोटं रिकामीच चालू:
पान, चिमूट, गुंडाळी, दोरा,
पन्नास वर्षांच्या विड्या
हवेत वळत बसलेली.
"दवाखान्याचा कागद हाय?"
हो.
"घरचं मानूस?"
हो.
कुठला आजार ते तिने विचारलं नाही.
फडकं सोडलं,
कडक भाकरी दोन्ही हातांत धरली
आणि मोडली.

प्रभू, आमच्या मंडळीत पाव
आधीच कापून ठेवतात,
नखाएवढे चौकोन, स्टीलच्या ताटात, वर जाळीचा रुमाल.
मोडल्याचा आवाज कधी होत नाही.
चाळीस वर्षं घेतोय मी ते,
आणि मोडणं म्हणजे काय
हे आज कानाने ऐकलं,
होटगीच्या अलीकडे,
थांबलेल्या गाडीत.

"तिनु," ती म्हणाली. मग मराठीत, "खा रे."
वर शेंगांची चटणी, लाल, चिमूटभर.
मी डोळे मिटायला गेलो
आणि सवयीचं पहिलं वाक्यसुद्धा आलं नाही.
नुसता खाल्ला तो घास.
तिखटाने नाकात पाणी आलं
(तिखटानेच, असं तिला म्हणालो).
थोडी चटणी पॅंटवर सांडली होती,
बोटाने टिपून टिपून खाल्ली ती.
टिपताना तो म्हातारा आठवला.
तुझ्याबद्दल तिला
मी काही सांगितलं नाही.

आता गाडीने धक्का दिलाय.
चिमणी हलली, म्हणजे आम्ही हललो.
राजव्वा खिडकीला डोकं टेकून झोपली,
बोटं मात्र चालूच.

वाक्य अजून सापडलेलं नाही.
अक्कलकोट रोड येईल, मग दुधनी,
फाटकापाशी ती उभी असेल, पदर डोक्यावर,
माझ्या चालीवरून ओळखेल.
उरलेली अर्धी भाकरी
रिपोर्टच्या पाकिटावरच ठेवली आहे.
पाकिटावर तेलाचा डाग पसरतोय,
पसरू दे.
आधी ती देईन.