पुरावा जोडा

नखीलच्या टायपिंग सेंटरात माझी खुर्ची दाराजवळची,
म्हणजे उन्हाची.
रास अल खैमात बावीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतोय:
व्हिसा लावायचा, व्हिसा रद्द करायचा,
बायकोला आणायचं, आईला परत पाठवायचं,
एकदा तर एका शवपेटीचं वजन.
अरबी मला धड बोलता येत नाही,
बोटांना येतं.

काल दुकान बंद व्हायच्या वेळी नाजमीन आली,
गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.
"अब्बा, टोकन घेऊ का?"

विद्यापीठाचा अर्ज. पहिल्या वर्षाची फी पूर्ण माफ,
पुढचीही, गुण टिकले तर.
फीचा आकडा मी आधीच एकदा वाचला होता,
मग चष्मा पुसून पुन्हा.
शून्यं तेवढीच राहिली.

नाव, जन्मस्थान, बापाचा धंदा,
इथवर बोटं आपोआप चालतात.
मग रकाना आला: नेतृत्व आणि सेवा.
पाचशे शब्द. खाली बारीक अक्षरात, पुरावा जोडा.

आमच्या दापोलीच्या शाळेत नेतृत्व म्हणजे
बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं.
मी कधी मॉनिटर नव्हतो,
मी फळ्यावर असायचो.
आणि सेवा म्हणजे गुरुजींच्या घरचं पाणी भरणं.
त्याला पाचशे शब्द कोण देतं?

मी म्हटलं, लिही की,
आठवीपासून इथे बसून तू लोकांना
त्यांच्या गावांची स्पेलिंगं सांगायचीस.
ती म्हणाली, अब्बा, ते दुकान होतं.
पंधरा दिरहम घेत होतो आपण.

खरं होतं.

मग ती स्क्रीनकडे बघतच सांगू लागली.
गेल्या जुलैत तिने नऊ मुलं जमवली,
ज्यांच्या बापांना गावच्या तिकिटांचं जमलं नव्हतं अशी.
दुपारी साडेबारा ते तीन काम बंद असतं,
मजूर सिमेंटच्या पाइपांत आडवे होतात,
तिथे लबनचे पुडे, बर्फ, मीठ.
चौथ्या दिवशी कुणीतरी फोटो काढले.
पाइपातून एकजण वाकून बाहेर आला,
निजामाबादकडचा, मल्लेश नावाचा.
"बेटी, घरी सांगितलंय, मी ऑफिसात असतो.
एसीत."
तिने नऊही फोन गोळा केले.
एकेक फोटो पुसला,
मग फोनच्या कचऱ्यात जाऊन तिथूनही पुसला.
दोन मुलं रुसली, येईनाशी झाली.
उरलेल्यांवर ऑगस्ट काढला.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.
मला वाटायचं, ती लायब्ररीत जाते,
तिथे थंड असतं म्हणून.

"त्यामुळे पुरावा नाही," ती म्हणाली.

बावीस वर्षांत मी एकही कागद
पुराव्याशिवाय पुढे सरकवलेला नाही.
फोटोची पार्श्वभूमी पांढरी नसेल
तर माणसाला परत उन्हात पाठवतो.
म्हणालो, एखादं पत्र तरी जोडू, शिक्क्याचं.
पलीकडच्या दुकानात शिक्के बनवून मिळतात.
हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

ती काही बोलली नाही.
कीबोर्ड आपल्याकडे वळवला
आणि माझ्यापेक्षा जलद, न बघता,
पाइप, मीठ, रुसलेली दोन मुलं, सगळं लिहिलं. मल्लेशचं नाव नाही.
पुराव्याच्या चौकटीत दोनच ओळी.
इंग्रजीत होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर:
फोटो होते.
ज्यांचे होते त्यांना नको होते.

बटण दाबलं. एक चाक फिरत राहिलं,
मग संदर्भ क्रमांक आला, बारा आकडी.
त्या क्रमांकाच्या पलीकडे कोण बसलंय,
त्याची खुर्ची उन्हात आहे की सावलीत,
मला कधीच कळलेलं नाही.

शेठ रात्री पावत्या मोजतो.
मी खिशातले पंधरा दिरहम गल्ल्यात टाकले,
पावती फाडली.
नाव: नाजमीन तिसेकर. काम: अर्ज.
जोडलेली कागदपत्रं...
इथे पेन जरा थांबलं.
ती शटर ओढायला उठली होती,
अर्धं खाली आलंही होतं,
तेवढ्या उजेडात मी एक रेघ मारली.