शंका असल्यास

खांबेटे मॅडमचे नऊ पेपर
गोवंडीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले,
एकशे बारा पानं, पाठपोट.
स्पायरल घालता घालता त्याने विचारलं,
कुठल्या परीक्षेचं गाइड?
मी म्हटलं, अजून ठरायचंय.

नऊही पेपरांत मॅडम एकच गोष्ट सांगतात:
यंत्र चुकतं, त्याचं एवढं काही नाही,
चुकताना ते अडखळत नाही, ही पंचाईत.
मांजराला मांजर म्हणतं, गाठीला सूज,
दोन्हीकडे आवाज तोच, अठ्ठ्याण्णव टक्के.
त्याला 'माहीत नाही' म्हणता यावं
म्हणून चौदा वर्षं त्या त्याच्या पाठी लागल्यात.
सहाव्या पेपरला एक तळटीप आहे:
हा प्रयोग फसला.
का फसला, ते आम्हाला कळलेलं नाही.
तिला मी हिरव्या पेनाने चौकट केली.

फॉर्ममध्ये पहिला रकाना: उद्देशपत्र, हजार शब्द.
लिहिलं, लहानपणापासून मला संगणकाची आवड
आणि खोडलं.
आवड कसली, संगणक घरात आला तेव्हा मी बारावीत,
आणि टेबल नव्हतं म्हणून
चाळीस दिवस तो खोक्यातच होता.

पुढचा रकाना: २०१६ ते २०१९, शिक्षणात खंड का?
इथे दोनशे अक्षरं मावतात.

बाबा परळला काचपट्ट्या बघायचे.
बत्तीस वर्षं, एक डोळा मिटून.
पेशी आधी त्यांना दिसायच्या,
खाली सही डॉक्टरांची.
खात्री नसली की पट्टीच्या कडेला
पेन्सिलीने एक टिंब.
म्हणजे, थांबा, पुन्हा बघा.
साहेब वैतागायचे,
कुडतरकर, तुमची टिंबं फार होतात हो.
घरीही तेच. भात झाला का विचारलं
तर शीत दाबून बघत आणि गप्प राहत.

त्यांची स्वतःची पट्टी
दुसऱ्याच लॅबमध्ये, दुसऱ्या कुणी बघितली.
तिच्यावर टिंब नव्हतं.
साधी गाठ, असं ठसठशीत लिहून आलं.

दोनशे अक्षरांपैकी मी अकराच वापरली:
घरगुती कारण.

मुलाखत पवईला, तिसऱ्या मजल्यावर.
एसी इतका की बोटं आखडली.
मॅडमनी तीच तळटीप काढली.
का फसला असेल, तुम्हाला काय वाटतं?
मी म्हटलं, माहीत नाही.
आणि लगेच घाम फुटला,
ह्यांना वाटणार, मी लोणी लावतेय.
खरंच माहीत नाही हो, म्हटलं,
तर ते आणखीच वाईट वाटलं.

मॅडमनी चष्मा पुसला.
समोरच्या कागदावर पेन्सिल टेकवली आणि उचलली.
शब्द होता की नुसतंच काही,
टेबलाच्या ह्या बाजूने दिसलं नाही.

खाली कॅन्टीनमध्ये चहा घेतला.
साखर घातली होती का, आठवेना.
पुन्हा घातली.